पाऊस न पडण्याची कमाई

चिलीच्या अगदी उत्तर टोकाला आरिका नावाचं बंदर आहे. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या काळात तिथे पावसाचा एक थेंब पडला नाही. सलग १७३ महिने. जागतिक हवामान संघटनेच्या दफ्तरात हा आजवरचा सगळ्यांत लांब कोरडा काळ म्हणून नोंदला आहे. तो सुरू झाला तेव्हा जन्मलेल्या पोराला संपेस्तोवर मिसरूड फुटलं असेल, आणि पाऊस म्हणजे काय हे त्याला थोरांच्या तोंडून ऐकूनच ठाऊक असेल. याला दुष्काळही म्हणता येत नाही. पडायचा तो पाऊस पडला नाही तर दुष्काळ. इथे तो पडायचाच नसतो.

हे अटाकामाचं वाळवंट. एका अंगाला प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगाला अँडीज पर्वत आणि मधे उत्तर-दक्षिण पसरलेली हजारेक किलोमीटरची पट्टी. समुद्र खेटून असताना जमीन इतकी कोरडी कशी, हा प्रश्न कोकण पाहिलेल्या माणसाला पडणारच. ॲमेझॉनकडून येणारं बाष्प अँडीजच्या पूर्व उतारावरच रितं होतं. आपल्याकडे सह्याद्री ओलांडला की माणदेशात जे होतं, तेच, फक्त पर्वत चौपट-पाचपट उंच. पश्चिमेकडून काही यावं तर किनाऱ्याला लागून हम्बोल्टचा थंडगार सागरी प्रवाह वाहतो. त्याच्यावरची हवा गार आणि जड. ती वर चढत नाही, आणि वर न चढलेल्या हवेतून पाऊस पडत नाही. पडतं ते फक्त धुकं. त्याला तिथले लोक ‘कामांचाका’ म्हणतात. ते सकाळी किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर चढतं, निवडुंगाला थोडं ओलं करतं आणि उन्हं वर आली की नाहीसं होतं. एवढ्या मुलखातून समुद्रापर्यंत पोचणारी मोठी नदी एकच, लोआ. तीही वळसे घेत घेत, खारट होत, कशीबशी पोचते.

या भूमीत माणसं मात्र फार जुनी. आरिकाच्या आसपास चिंचोरो नावाने ओळखले जाणारे मच्छीमार राहत. मेलेल्या माणसाचं शरीर काड्या, माती आणि रंग वापरून टिकवण्याची कला त्यांना सात हजार वर्षांपूर्वी अवगत होती, म्हणजे इजिप्तच्या ममींच्या कितीतरी आधी. आणि तिथे राजाच कशाला, तान्ह्या पोरांच्याही ममी केलेल्या सापडतात. पुढे वरच्या पठारावर आयमारा, मरुद्यानांत आताकामेन्यो आणि किनाऱ्यावर चांगो लोक नांदले. चांगोंकडे लाकूड नव्हतं, म्हणून सीलच्या कातड्यात हवा भरून ते त्याच्या होड्या करत. इन्का आले, स्पॅनिश आले. डोंगरात चांदी मिळाली तेवढी नेली. मधलं पठार मात्र कोणाला नको होतं. नकाशावर तिथून जाणाऱ्या सीमारेषा इतक्या पुसट होत्या की त्यांची कोणाला पर्वाही नव्हती.

आता या पठाराच्या मातीत काय होतं ते पाहू. वरचा वीत-दोन वीत चुरा काढला की खाली एक कडक थर लागतो. पांढरट, पिवळट, कुठे जांभळट. त्याचं नाव कालिचे. त्यात सोडियम नायट्रेट असतं, म्हणजे सोऱ्याचा भाऊ. सोरा, गंधक आणि कोळसा हे त्रिकूट आपल्या गडकोटांवरच्या दारूखान्यांना चांगलं माहीत होतं. तो आपल्याकडचा सोरा पोटॅशचा; बिहारात गावोगावच्या खारट मातीतून तो काढत, आणि जगाच्या तोफा बराच काळ त्याच्यावर चालल्या. अटाकामातला सोडियमचा. पण नायट्रेट कुठलंही असो, ते पाण्यात झटकन विरघळतं. म्हणूनच ते जगात असं थराथरांनी साठलेलं सहसा सापडत नाही. पाऊस त्याला वाहून नेतो. अटाकामात लाखो वर्षं ते साचत राहिलं, कारण धुवून न्यायला कोणी आलंच नाही. हा सारा खजिना म्हणजे पाऊस न पडण्याची कमाई होती.

१२ जुलै १८३५ रोजी ‘बीगल’ जहाज इकिके बंदरात थांबलं. तेव्हा ते पेरूत होतं. चार्ल्स डार्विन किनाऱ्यावर उतरला तेव्हा दोन हजार फुटांच्या सरळसोट डोंगराच्या पायथ्याशी वाळूच्या एका चिंचोळ्या पट्टीवर हजारभर माणसांचं गाव त्याला दिसलं. गावात पाणी नव्हतं. ते चाळीस मैलांवरच्या पिसाग्वाहून होडीने यायचं आणि पिंपाने विकलं जायचं. सरपण, भाजीपाला, सगळंच बाहेरून. डार्विन घोड्यावरून आतल्या सोऱ्याच्या कारखान्यापर्यंत जाऊन आला, आणि खऱ्या अर्थाने वाळवंट म्हणावं असं आपण हे पहिलंच पाहतो आहोत असं त्याने नोंदवलं. सोऱ्याची निर्यात सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. डार्विनला त्यात फारसा रस वाटला नाही. एवढ्या जाणत्या माणसालाही पुढचा अंदाज आला नाही, याचं मला बरं वाटतं.

आधी जगाला वेड लावलं ते दुसऱ्याच खताने. पेरूच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साठलेले होते, तेही पाऊस नसल्यामुळेच. १८४० नंतर युरोपातल्या दमलेल्या शेतांवर ही ‘ग्वानो’ पडू लागली आणि पेरूचं सरकार तिच्यावर जगू लागलं. खणायला चीनमधून करारावर मजूर आणले गेले. त्यांचे हाल गुलामांहून वेगळे नव्हते. तीस-पस्तीस वर्षांत डोंगर संपत आले. तोवर सोऱ्याचं गणित बसलं होतं. शेताला नत्र हवं, ते याच्यात भरपूर. खाणीत सुरुंगाला लागणारी दारू याच्यापासून होऊ लागली. जर्मनीत पोटॅशच्या खाणी निघाल्यावर चिलीच्या सोऱ्यापासून ‘हिंदुस्थानी’ जातीचा सोराही करता येऊ लागला आणि बिहारच्या सोरा काढणाऱ्यांच्या धंद्याला ओहोटी लागली.

सोरा काढायची रीत डोळ्यांसमोर आणायची तर आपल्याला गुऱ्हाळ आठवावं लागेल. पठारावर मजूर पहारीने कडक थर भेदून खाली भोक पाडत. भोक इतकं अरुंद की तळाशी सुरुंगाची जागा कोरायला एखाद्या पोरालाच आत उतरवत. मग त्यात दारू ठासायची, तीही इथल्याच सोऱ्याची. धमाका झाला की कालिचेची ढेकळं फोडून, निवडून खेचरांच्या गाड्यांवर लादायची. कारखान्यात ती भरडून मोठमोठ्या लोखंडी हौदांत टाकत. या हौदांना ‘काचुचो’ म्हणत. आत वाफेच्या नळ्या. रस उकळून उकळून दाट झाला की तो उथळ पाट्यांत सोडून निववायचा. पांढरे खडे तळाशी बसत. काहिलीतून वाफ्यात ओतलेला गुळाचा पाक जसा थिजतो तसंच. फरक असा, की गुऱ्हाळाच्या काहिलीत माणूस उतरत नाही. इथे रस काढून घेतल्यावर हौदाच्या तळाशी उरलेला चोथा उपसायला माणसं आत उतरत, उघड्या अंगाने, हौद अजून भाजत असताना. आणि शेजारच्या उकळत्या हौदावर जाळी नसे. पाय घसरला की संपलं. या जाळीची गोष्ट पुढे येणार आहे.

ही वाफेची पद्धत सुधारून रूढ करणाऱ्यांत एक मोठं नाव सँटियागो हंबरस्टोनचं. हा डोव्हरचा इंग्रज, मूळचा जेम्स, १८७५ साली पंचविसाव्या वर्षी इथे आला आणि उरलेलं आयुष्य इथेच राहिला. इंग्लंडात जेम्स शँक्स याने सोडा काढण्यासाठी बसवलेली रीत त्याने कालिचेला लावली. इंधन वाचलं, आणि पूर्वी टाकून दिलेला हलका मालही परवडू लागला. पाण्याचीही युक्ती निघाली. ‘लास सालिनास’ इथे १८७२ मध्ये चार्ल्स विल्सन या अभियंत्याने काचेच्या तिरक्या छपरांखाली खारं पाणी उन्हात तापवून गोडं पाणी मिळवण्याचा प्रकल्प उभारला. उन्हावर चालणारा मोठ्या प्रमाणावरचा जगातला हा पहिलाच पाणीकारखाना. त्याचं पाणी मुख्यतः खेचरांसाठी होतं.

आता सीमारेषांची पर्वा सुरू झाली. उत्तरेचा तारापाका पेरूचा. लोआच्या दक्षिणेचा आन्तोफागास्ता बोलिव्हियाचा. त्याखाली चिली. पण बोलिव्हियाची राजधानी हजारो फूट उंचीवर, किनाऱ्यापासून खेचरांच्या वाटेने कित्येक दिवसांवर. आन्तोफागास्तातली वस्ती बहुतेक चिलीच्या माणसांची, भांडवल चिलीचं आणि इंग्रजांचं. १८७४ च्या तहात बोलिव्हियाने कबूल केलं होतं की पंचवीस वर्षं चिलीच्या कंपन्यांवरचा कर वाढवणार नाही. नंतर देशात दुष्काळ पडला, १८७७ च्या मे महिन्यात भूकंप आणि त्सुनामीने किनारा झोडपला, तिजोरी रिकामी झाली. फेब्रुवारी १८७८ मध्ये बोलिव्हियाने आन्तोफागास्ताच्या सोरा कंपनीवर दर क्विंटलमागे दहा सेंटाव्होंचा कर बसवला. दहा सेंटाव्हो म्हणजे चिल्लर. कंपनीने भरला नाही. तिच्या भागधारकांत चिलीचे बडे राजकारणी होते, तेव्हा न भरण्याची हिंमत कुठून आली हे उघड आहे. राष्ट्राध्यक्ष इलारिओन दासा याने कंपनी जप्त करून लिलाव पुकारला. लिलावाचा दिवस उजाडला १४ फेब्रुवारी १८७९. त्याच सकाळी चिलीची जहाजं बंदरात आली, दोनशे सैनिक उतरले आणि लिलाव राहूनच गेला.

दासाने ही बातमी कार्निव्हलचा जल्लोष संपेपर्यंत खिशात दाबून ठेवली, अशी गोष्ट बोलिव्हियात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. इतिहासकार ती फारशी मानत नाहीत, पण लोकांना आपला पराभव कोणाच्या तरी नावावर मांडायचा असतो. पेरूचा बोलिव्हियाशी १८७३ चा गुप्त तह होता. त्यामुळे एप्रिलमध्ये तोही युद्धात ओढला गेला. युरोपात काहीजण याला खताचं युद्ध म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

वाळवंटातली ही लढाई खरं तर समुद्राने ठरवली. रस्ते नाहीत, पाणी नाही. फौज हलवायची तर जहाजाने. पेरूकडे ‘उआस्कार’ ही चिलखती नौका होती आणि तिच्यावर मिगेल ग्राऊ हा कप्तान. २१ मे १८७९ ला इकिकेसमोर ‘उआस्कार’ने चिलीच्या ‘एस्मेराल्दा’ या जुन्या लाकडी जहाजाला धडका देऊन बुडवलं. धडकेच्या क्षणी ‘एस्मेराल्दा’चा कप्तान आर्तुरो प्रात तलवार घेऊन शत्रूच्या डेकवर उडी मारून गेला आणि तिथेच पडला. ग्राऊने बुडणाऱ्या चिली खलाशांना पाण्यातून काढलं. मग प्रातच्या विधवेला सांत्वनाचं पत्र लिहून नवऱ्याची तलवार आणि चीजवस्तू पाठवल्या. असा शत्रू आजही दोन्ही देशांना प्रिय आहे. पुढे पाच महिने तो एकट्याच्या बळावर चिलीच्या आरमाराला झुलवत राहिला. ८ ऑक्टोबरला अंगामोसच्या भूशिराजवळ त्याला गाठलं. तोफेच्या गोळ्याने ग्राऊ मारला गेला आणि ‘उआस्कार’ चिलीच्या हाती आलं. अजून ते चिलीच्या ताल्काउआनो बंदरात संग्रहालय म्हणून उभं आहे.

समुद्र मोकळा झाल्यावर पुढचं फार लांबवण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरात पिसाग्वा पडलं, तारापाका गेला. १८८० च्या मे महिन्यात ताक्ना, जूनमध्ये आरिकाचा कडा. जानेवारी १८८१ मध्ये चिलीची फौज लिमात शिरली. १८८३ च्या आन्कोनच्या तहाने पेरूने तारापाका कायमचा सोडला. बोलिव्हियाचा सगळा किनारा गेला, आणि १९०४ च्या तहाने त्याच्यावर सही-शिक्का झाला. बोलिव्हियाने आरमार मात्र ठेवलं आहे. ते तितिकाका सरोवरात आणि नद्यांत असतं. दर वर्षी २३ मार्चला देश ‘समुद्र दिन’ पाळतो, त्या दिवशी कालामात लढत मेलेल्या एदुआर्दो आबारोआच्या स्मरणार्थ. २०१८ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की समुद्रासाठी वाटाघाटी करण्याचं कायदेशीर बंधन चिलीवर नाही. पुढच्या मार्चमध्येही समुद्र दिन झालाच.

चिलीने मुलूख जिंकला खरा, पण सोरा जिंकला कोणी? युद्धाआधी १८७५ मध्ये पेरूने कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण करून मालकांना पैशाऐवजी कर्जरोखे दिले होते. युद्धात त्या रोख्यांची किंमत कागदाइतकी झाली. बाजारात कोणी हात लावेना. तेव्हा ते गुपचूप गोळा करत बसला होता जॉन थॉमस नॉर्थ. हा लीड्सकडचा गडी, बॉयलरला रिव्हेट मारणारा कारागीर. १८६० च्या दशकात पोट भरायला आला, मग इकिकेत पाणी विकू लागला. त्याचा भागीदार रॉबर्ट हार्वे पेरू सरकारचाच सोरा निरीक्षक होता, पुढे चिलीनेही त्याला ठेवून घेतलं. कुठल्या कारखान्याखाली किती माल आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पैसे कुठून आले? व्हालपराइसोच्या बँकेतून, म्हणजे चिलीच्याच. १८८१ मध्ये चिलीच्या सरकारने ठरवलं की ज्याच्या हाती रोखे त्याला कारखाना परत. चिलीचे पोरगे मरून जिंकलेला खजिना चिलीच्याच पैशाने एका इंग्रजाच्या खिशात गेला, आणि यात बेकायदा काहीच नव्हतं.

नॉर्थने लंडनमध्ये एकामागून एक कंपन्या काढल्या, भाग फुगवून विकले, रेल्वे घेतली, इकिकेचा पाणीपुरवठा घेतला. लोक त्याला ‘नायट्रेट किंग’ म्हणू लागले. लंडनमध्ये त्याच्या मेजवान्या गाजल्या. लीड्सला त्याने किर्कस्टॉल मठाचे अवशेष विकत घेऊन भेट दिले. १८८९ मध्ये तो आपलं राज्य पाहायला चिलीत आला तेव्हा बरोबर विल्यम हॉवर्ड रसेल हा नामवंत युद्धवार्ताहर होता, म्हणजे प्रसिद्धीची सोयही घरचीच. याच सुमारास राष्ट्राध्यक्ष होसे मान्वेल बाल्मासेदा परक्यांच्या मक्तेदारीविरुद्ध बोलू लागला होता. १८९१ मध्ये संसद आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यात यादवी पेटली. आरमार संसदेच्या बाजूने गेलं, त्याने इकिके घेतलं आणि सोऱ्याच्या करातून बंडाची फौज उभी राहिली. बाल्मासेदा हरला. त्याने अर्जेंटिनाच्या वकिलातीत आसरा घेतला, आपल्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस, १८ सप्टेंबर, उलटू दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःवर गोळी झाडली. या बंडामागे नॉर्थचा पैसा होता का, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला त्याहून लक्षात राहतो तो दिवस उलटू देण्याचा काटेकोरपणा.

यानंतरची वीस-बावीस वर्षं म्हणजे सोन्याचे दिवस, कोणाचे ते विचारायचं नाही. चिली सरकारच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा सोऱ्यावरच्या निर्यात कराचा होता. त्यातून राजधानीत इमारती उठल्या, शाळा झाल्या, रेल्वे दक्षिणेकडे सरकली. श्रीमंतांवर आयकर लावायची वेळ आली नाही. इकिकेत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेल्या पाइन लाकडाचे व्हरांडेदार बंगले उभे राहिले, नाटकगृह झालं. हॅम्बुर्गच्या लाएस कंपनीची प्रचंड शिडाची जहाजं केप हॉर्नला वळसा घालून सोरा नेत. वाफेच्या बोटींच्या जमान्यातही ती टिकली, कारण एवढ्या लांबच्या वाटेवर कोळसा महाग आणि वारा फुकट. सोरा गोण्यांत भरला जायचा आणि कलकत्त्याच्या तागगिरण्यांच्या गिऱ्हाइकांत चिलीचं नाव मोठं होतं. बंगालच्या ताग पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आपली गोणी कुठल्या वाळवंटात जाते हे कळण्याचं काही कारण नव्हतं.

वर पठारावर कारखाना आणि त्याची वस्ती मिळून ‘ओफिसिना’ म्हणत. शब्दशः कचेरी. या कचेरीत माणसं येत कशी? ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा मुकादम आपल्याला माहीत आहे. तसाच ‘एन्गांचे’. मध्य आणि दक्षिण चिलीच्या खेड्यांत दलाल जायचा, हातात थोडी उचल द्यायचा, बोटीचं भाडं भरायचा, उत्तरेत सोनं उगवतं म्हणून सांगायचा. पेरू आणि बोलिव्हियाहूनही माणसं येत. पोचल्यावर कळायचं की मजुरी पैशात नाही, ‘फिचा’त मिळते. फिचा म्हणजे कंपनीचं नाणं, पितळेचं, रबराचं, कुठे ताटलीएवढं, कुठे गुंडीएवढं. ते फक्त त्याच ओफिसिनाच्या दुकानात, ‘पुल्पेरिया’त, चालायचं. शेजारच्या ओफिसिनात त्याची किंमत शून्य. रोख हवी तर कट कापून. दुकानातला तराजू दुकानदाराचा. लाकडी आणि पत्र्याच्या खोल्या दिवसा भट्टी आणि रात्री बर्फ. बायका खानावळी चालवत, धुणी धुवत, पोरं वाढवत. पाणी मोजून मिळे.

पेसो हे चिलीचं चलन याच काळात घसरत गेलं. एका पेसोला अठरा पेन्स मिळायचे ते १९०७ पर्यंत निम्म्यावर आले. मजुरी तीच, पीठ दुप्पट. मालकांना सोऱ्याचे पैसे पौंडात मिळत, त्यांचं काय बिघडत होतं? डिसेंबरात आधी बंदर आणि रेल्वेच्या कामगारांनी काम थांबवलं. १० तारखेच्या सुमारास सान लोरेन्सो ओफिसिना उठली. मग एकेक ओफिसिना मिळत गेली आणि माणसं इकिकेकडे चालू लागली, काही रेल्वेने, बरीचशी रुळांच्या कडेने पायी, बायकापोरांसह. हा प्रदेश उतरून येणं म्हणजे सावली नाही, पाणी नाही, आणि शेवटी तो दोन हजार फुटांचा कडा. मागण्या लेखी होत्या. मजुरी अठरा पेन्सच्या दराने द्या. कुठल्याही ओफिसिनाचा फिचा पूर्ण किमतीला चालू द्या. पुल्पेरियाच्या दाराशी तराजू ठेवा, म्हणजे माप पाहता येईल. रात्रीची शाळा काढा. आणि उकळत्या हौदांवर लोखंडी जाळी बसवा. क्रांतीचं एक अक्षर त्यात नव्हतं.

हजारो माणसांना उतरायला जागा दिली ती सान्ता मारिया शाळेत. मालकांचं म्हणणं, दबावाखाली आम्ही काहीच मान्य करणार नाही, आधी कामावर जा. गव्हर्नर कार्लोस ईस्टमन इकिकेत आला, बरोबर जनरल रोबेर्तो सिल्वा रेनार्द आणि युद्धनौका. शनिवार, २१ डिसेंबर १९०७. दुपारी शाळेच्या चौकाभोवती फौज लागली. पेरू आणि बोलिव्हियाचे वकील आपापल्या माणसांना बाहेर काढायला आले होते. चिलीकरांबरोबर आलो, त्यांच्याबरोबरच मरू, असं ती माणसं म्हणाल्याचं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच बंदरासमोर हे देश एकमेकांना बुडवत होते. जनरलने चौक सोडायला सांगितलं, कामगारांनी नकार दिला, आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास यंत्रतोफा सुरू झाल्या. त्या युद्धनौकेवरून उतरवलेल्या होत्या. नौकेचं नाव ‘एस्मेराल्दा’, म्हणजे आर्तुरो प्रातच्या जहाजाचंच नाव मिरवणारी नवी बोट.

मेले किती? सरकारी आकडा सव्वाशेच्या आसपास. नंतर लोकांनी सांगितलेले आकडे दोन हजारांच्या पुढे जातात. प्रेतं गाड्यांतून नेऊन एकत्र पुरली, मोजली कोणी नाहीत. वाचलेल्यांना परत पठारावर नेण्यात आलं. मेलेल्यांत मान्वेल व्हाका नावाचा एक स्पॅनिश मजूर होता. त्याचा सावत्र भाऊ आन्तोनिओ रामोन त्याला शोधत चिलीत आला, आणि १४ डिसेंबर १९१४ रोजी सान्तियागोत रस्त्यात सिल्वा रेनार्दवर चाकूने तुटून पडला. जनरल वाचला. रामोन तुरुंगात गेला. चिलीच्या पाठ्यपुस्तकांनी शाळेचं नाव पुढे कित्येक वर्षं घेतलं नाही; १९७० मध्ये लुइस आद्व्हिस या संगीतकाराने त्यावर रचलेली कंताता किलापायून या गायकवृंदाने गायली तेव्हा ते पुन्हा लोकांच्या ओठांवर आलं. दरम्यान त्याच इकिकेत छापखान्यात काम केलेला लुइस एमिलिओ रेकाबारेन १९१२ मध्ये कामगारांचा पक्ष काढून बसला होता. चिलीच्या डाव्या राजकारणाचा पाळणा हे पठार.

या सगळ्याचा शेवट मात्र कामगारांनी केला नाही आणि मालकांनीही नाही. १८९८ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या सभेत विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाने बजावलं होतं की चिलीचा सोरा संपला की गव्हाला नत्र कुठून आणणार, हवेतला नत्र बांधायला शिका. जर्मनीत फ्रिट्झ हेबरने ते १९०९ मध्ये प्रयोगशाळेत जमवलं, कार्ल बॉशने १९१३ मध्ये ओपाऊला कारखान्यात. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे जर्मनीला चिलीचा सोरा मिळेना, तरी जर्मनी चार वर्षं लढला, हवेतून काढलेल्या नत्रावर. युद्धात दोस्तांनी चिलीचा सोरा वाट्टेल त्या भावाने घेतला, म्हणून पठारावर कोणाला धोका दिसला नाही. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. गुगेनहाइम कंपनीने नवी रीत आणली, आठ टक्क्यांच्या आसपासचा मालही तिला चालायचा. १९२६ मध्ये मारिया एलेना उभं राहिलं, १९३१ मध्ये पेद्रो दे व्हाल्दिव्हिया. जुन्या ओफिसिना मात्र १९२९ च्या मंदीत एकेक करून विझल्या. हजारो कुटुंबं ट्रंका घेऊन दक्षिणेला निघाली, जिथून कधी उचल घेऊन आली होती तिकडे.

ला पाल्मा ही १८७२ ची ओफिसिना १९३४ मध्ये दुरुस्त करून तिला हंबरस्टोनचं नाव दिलं. तो तेव्हा हयात होता. नाटकगृह होतं, पोहण्याचा हौदही होता, एका बुडालेल्या जहाजाच्या पत्र्यांचा केलेला. १९६० मध्ये तीही बंद झाली. माणसं उठून गेली, घरं तशीच राहिली. चाकाबुको ही दुसरी मोठी ओफिसिना. १९७३ मध्ये लष्करशहा पिनोशेच्या फौजेला राजकीय कैदी ठेवायला तयार भिंती हव्या होत्या, त्या तिथे मिळाल्या. सोऱ्याचं जुनं बंदर पिसाग्वा तर आधीपासूनच तुरुंगासाठी वापरात होतं. १९९० च्या जूनमध्ये तिथल्या दफनभूमीजवळ वाळूत १९७३ च्या कैद्यांची गोण्यांत गुंडाळलेली प्रेतं सापडली. सतरा वर्षं झाली होती, पण खारट कोरड्या वाळूत ती कुजली नव्हती. नातेवाइकांना चेहरे ओळखता आले.

आता त्या वाळवंटात दुर्बिणी आहेत, तांबं आहे, आणि सालार दे आताकामाच्या मिठागरात लिथियम, ज्याच्यावर आपल्या हातातले फोन चालतात. हंबरस्टोन २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पठारावर ओफिसिनांच्या दफनभूमी विखुरलेल्या आहेत. पाइनच्या फळ्यांचे क्रूस, गंजलेली कुंपणं. इथे ताजी फुलं कधीच मिळत नव्हती, म्हणून लोक कागदाची आणि पत्र्याची फुलं करून वाहत. १ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाला इकिके आणि आन्तोफागास्ताहून गाड्या भरून माणसं येतात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी सोरा हातातही धरलेला नाही. ते क्रूस पुसतात, नावं रंगवतात, सावलीसाठी चादर बांधून जेवतात आणि नवी कागदी फुलं लावून निघून जातात. ती फुलं भिजत नाहीत. पुढच्या वर्षी परत येईपर्यंत उन्हाने तेवढा त्यांचा रंग उडालेला असतो.